बहादूरची वासरं

१

घाटकोपरचा माझा जिना त्या वर्षी दिवाळीतसुद्धा कोणी चढलं नव्हतं. एक दूधवाला येतो, तोही लोटी दाराबाहेरच भरून जातो. त्यामुळे चंद्रप्रकाशशेठ धापा टाकत दारात उभे राहिले, तेव्हा मी आधी त्यांना खुर्ची दिली आणि मगच कुरकुर सुरू केली.

"शेठ, मी ढोरांचा डॉक्टर, तोही रिटायर. चोरी झाली तर पोलिसांत जा."

"पोलिस हसेल मला," शेठ म्हणाले. "काय गेलं? तर गाईंची वही. बाकी कागदाचा कपटा हलला नाही."

मुलुंडला डोंगराच्या अंगाला शेठच्या ट्रस्टची गोशाळा आहे. अडतीस गीर गाई आणि एक वळू, बहादूर. जात मूळची काठेवाडातली. लांब लोंबते कान, फुगीर कपाळ, तांबडा रंग. सरकारी नोकरीत असताना एकावन्न साली ती वही मीच सुरू करून दिली होती. जनावराची आई कोण, बाप कोण, जन्म कधीचा, आणि शेजारी त्याच्या नाकाचा शाईनं उठवलेला ठसा. माणसाचा अंगठा तसं गुराचं नाक, दोघांचं कधी सारखं नसतं. गोशाळेत तिला वंशवही म्हणत.

परवा पुण्याहून अधिकारी येणार होते. वही बघून, ठसे ताडून, कळप अस्सल गीर असल्याचा दाखला देणार होते. दाखला मिळाला तर सरकार कळप जपायला हात देणार. नाही मिळाला तर काय, ते ट्रस्टनं ठरवून ठेवलं होतं: गाई मुंबईच्या तबेल्यांना विकायच्या. तबेल्यातली गाय आटली की पुढे कुठे जाते, हे मला कोणी सांगायला नको. तीस वर्षं मी तेच बघत आलो.

"पण मीच का?" मी विचारलं.

"तुम्ही गाईंना ओळखता. आणि एक गोठ्यावरचा गुणाजी सोडला तर माझ्या माणसांना ओळखत नाही. म्हणून."

एकावन्ननंतर मी मुलुंडला पाऊल टाकलं नव्हतं. त्याला कारण होतं. ते सांगायला मला आवडणार नाही, पण सांगावं लागेल. मी छत्री घेतली आणि निघालो.

२

ऑफिस म्हणजे कौलारू खोली. त्यात एक लाकडी कपाट, कपाटाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली भिंतीवरच्या बाळकृष्णाच्या तसबिरीमागे खिळ्याला. ही गोष्ट गोशाळेतल्या प्रत्येकाला माहीत. असल्या कुलपाला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

कपाटात लाल कापडी बांधणीच्या पाच वह्या होत्या. दुधाची, वैरणीची, औषधांची, देणगीदारांची आणि वंशवही. बाहेरून पाचही एकसारख्या, पुठ्ठ्यावर फक्त नाव लिहिलेलं. चोरानं चार जागच्या जागी ठेवून नेमकी पाचवी नेली होती.

"म्हणजे चोराला वाचता येतं," मृणालिनी केळकर म्हणाली. वह्या लिहायचं काम तिचं. वय पस्तिशीचं, लग्न झालेलं नाही, ठाण्याला आईबरोबर राहते. बोलणं सरळ. "दूध काढणारे दोघे भय्ये मराठी वाचत नाहीत. गुणाजी अंगठेबहाद्दर. राहिले कोण? शेठ, राणे आणि मी. आधीच सांगते डॉक्टर, मी नाही."

"तुमची नोकरी त्या वहीवर आहे. तुम्ही कशाला न्याल?"

"लोक म्हणतील ना, लिहिण्यात चुका केल्या असतील म्हणून गायब केली. त्रेपन्नपासून लिहितेय. एक खाडाखोड नाही."

"अधिकारी ठसे ताडणार, हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. पत्र मीच अंगणात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. गुरुवारी वाचलं, शुक्रवारी वही गेली."

मॅनेजर जयवंत राणे अंगणात भेटला. चोपन्न साली लागलेला, कोल्हापूरकडचा गडी, मिशीला तेल. दाखला मिळू नये असं वाटणारा माणूस शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. तो स्वतःच म्हणाला.

"साहेब, या गाई काढा आणि म्हशी आणा, असं मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. वही गेली, माझ्या मनासारखंच झालं. पण मी चोरली नाही."

"का विश्वास ठेवू?"

"कारण मला चोरायची गरजच नव्हती. अधिकाऱ्यांनी जनावरं बघितली असती की झालं असतं काम. या कळपाची वाट लागलीय, साहेब. पाच-पाचदा वळू दाखवूनही गाई गाभण राहत नाहीत. आणि ज्या राहतात त्यांना काय होतं, ते बघायचंय?"

त्यानं मला गोठ्याच्या टोकाच्या खोपटात नेलं आणि पोत्याचा पडदा बाजूला केला. आत महिन्याभराचं वासरू उभं होतं. त्याच्या अंगावर केस नव्हते.

३

दुसरं वासरू शेजारी होतं, पाडी. मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. तिनं पापणी हलवली नाही. तिसरं आठ दिवसांपूर्वी मेलं होतं. जन्मलं तेव्हा मांजराएवढं होतं, राणे म्हणाला.

"बाप कोण यांचा?"

"बाप एकच आहे इथं. बहादूर."

मी त्या आंधळ्या पाडीजवळ खाली बसलो. ती माझी बोटं चोखायला लागली. नोकरीत मी असली वासरं दोन-चारदाच पाहिली होती, आणि दर वेळी कारण एकच निघालं होतं.

आपल्याकडे सगोत्र लग्न का टाळतात? लोक काही सांगोत, गुरांच्या बाबतीत कारण साधं आहे. घराण्यात एखादा दोष दबून असतो. एकट्या आईकडून आला तर तो वर येत नाही, तिच्या वासराला काही होत नाही. आई आणि बाप दोघांनीही तोच दोष दिला की मगच तो उघडा पडतो. म्हणून आपल्या मुली माजावर यायच्या आधी वळू हलवायचा आणि परका आणायचा. लहान कळपात याला पर्याय नाही.

आणि मुलुंडला आम्ही तेच केलं होतं. एकावन्न साली जुना वळू मोती कल्याणपलीकडच्या एका गोशाळेला दिला. मोती इथलाच, इथल्याच गाईचा. त्याच्या जागी काठेवाडातून बहादूर आला. त्याचं या कळपाशी सात पिढ्यांचं नातं नव्हतं. त्याच्यापोटी एखादं असलं वासरू योगायोगानं झालं असतं. एका वर्षात तीन, तीन वेगळ्या गाईंना, हा योगायोग मी मानायला तयार नव्हतो.

"या तिघांच्या आया कोणाच्या मुली?" मी मृणालिनीला विचारलं.

तिला वही लागली नाही. "तिघीही मोतीच्या. पन्नास-एकावन्नच्या."

मग मी बहादूरला बघायला गेलो. चिंचेखाली तो मोकळाच उभा होता, दोर नाही, दावं नाही. तांबडा, भारी खांद्याचा, शिंगं मागे वळलेली. त्याची मान खाजवत गुणाजी उभा होता. पाच वर्षांत तो फार म्हातारा झाला होता. मी जवळ गेलो तसा तो वळूच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभा राहिला.

४

गुणाजी कोकणातला, मालवणकडचा. आधी गिरणीत होता. संपात नोकरी गेली आणि गोशाळेत आला, ते कायमचा. बायको आधीच वारलेली.

"काय डाक्टरानू, बरे आसास?"

"बरा आहे. तुझा वळू बघायला आलो."

"बघा, लांबसून बघा. अनोळखी माणूस तेका चालणा नाय."

"अनोळखी? मी याचा ठसा घेतला होता रे."

वळूनं मान लांबवली, माझ्या शर्टाचा वास घेतला आणि पुन्हा रवंथ करायला लागला. त्याला माझं काही वावडं दिसलं नाही.

"वही कोणी नेली असेल?"

"माका काय ठावक? मी अंगठो लावणारो माणूस."

मी परत ऑफिसात आलो. मृणालिनीनं चहा केला होता. मी गुणाजीबद्दल विचारलं, तशी ती जरा हसली.

"तो त्या वळूवर हात उगारत नाही आणि कोणाला उगारू देत नाही. आणि पितृपंधरवड्यात एक दिवस त्याला केळीच्या पानावर वाढतो. वडे, भात, खीर, सगळं साग्रसंगीत. यंदाही वाढलं. मी विचारलं, हे काय रे? तर म्हणाला, देवाचो आसा तो."

"बहादूरला पान वाढतो?"

"मी आल्यापासून दर वर्षी."

शेठ कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "आजचं नाही ते. सत्तेचाळीसपासून आहे. त्याचा मुलगा गेला ना, दशरथ, एकोणीस वर्षांचा, टायफॉइडनं. तेव्हा गुणाजीनं माझ्या वडिलांचे पाय धरले, की गोशाळेतला एक गोऱ्हा मुलाच्या नावानं सोडू द्या. तुमच्यात सोडतात ना वळू, मेलेल्या माणसाच्या नावानं? वडील बोलले, सोड. त्याला डागायचं असतं, पण याचा हात धजला नाही."

"कोणता गोऱ्हा, शेठ?"

"आता कोणता म्हणजे? मोठा झाला, तोच वळू झाला इथला. मोती."

मी चहाची बशी खाली ठेवली. शेठकडे बघितलं, मृणालिनीकडे बघितलं. दोघांनाही आपण काय सांगितलं ते कळलेलं नव्हतं.

शेठ महिन्यातून एकदा येतात, गाईला गूळ देतात आणि जातात. त्यांना एक तांबडा वळू दुसऱ्यासारखाच. बाई, राणे आणि दोघे भय्ये मागाहून लागलेले, त्यांनी एकच वळू बघितलेला. दोन्ही वळू बघितलेली माणसं या आवारात दोनच होती. एक गुणाजी. दुसरा मी.

५

गुणाजीची खोली गोठ्याला लागूनच होती. संध्याकाळची धार आटोपून तो उंबऱ्यावर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. गुडघे कुरकुरले.

"गुणाजी, मी बोलतो, तू ऐक. चुकलो तर सांग. मेलेल्याच्या नावाचं पान त्याच्या नावानं सोडलेल्या वळूलाच वाढतात. तो गेला म्हणून त्याच्या जागी आलेल्या परक्याला कोणी बाप ते वाढत नाही. मोती कल्याणकडे गेला असता तर तू पान घेऊन कल्याणला गेला असतास. तू गेला नाहीस, कारण मोती इथेच आहे."

तो समोर बघत राहिला.

"सगळे म्हणतात चोराला वाचता येतं. पण त्या पाच वह्यांत एक अशी होती, की ती ओळखायला अक्षर लागत नव्हतं. उघडली की काळे ठसे. ते ठसे घेताना प्रत्येक जनावराचं डोकं तूच धरलं होतंस. आणि ठशानं माणूस कसा पकडला जातो, हे अंगठा लावणाऱ्याला शिकवावं लागत नाही. गुरुवारी पत्र ऐकलंस आणि घाबरलास. वही जाळलीस का?"

तो उठला, आत गेला आणि पत्र्याची ट्रंक उघडली. वर दशरथचा धुऊन घडी केलेला सदरा होता. सदऱ्याखालून त्यानं लाल वही काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"जाळूक गेललंय," तो म्हणाला. "चुलीकडे बसलंय. पण तेच्यात मोतीचो ठसो आसा. हात झालो नाय."

"का केलंस रे?"

"तुमी सगळ्यांनी माकाच सांगितलात, मोतीक घेऊन जा. माझ्या झिलाच्या नावान सोडलेलो तो. मिया, तेचो बापूस, माझ्याच हातान तेका हाकलू? बापाशीन भायर काढल्यार झिलाक खय थारो मिळतलो? मगे मी नव्या वळवाक घेऊन गेलंय. तांबडो तो तांबडो. कोणी बघलाच नाय."

कोणी बघितलं नाही. हे आता सांगितलंच पाहिजे. नवा वळू आला त्या दिवशी मी दोघांचे ठसे घेतले. रोग नाही ना हे बघायला नव्याला तीन आठवडे वेगळा बांधला. त्या तीन आठवड्यांत माझी बायको, कुंदा, गेली. जुना वळू निघाला त्या दिवशी बाहेर जाऊन ठसा ताडून बघायचं काम माझं होतं. मी खुर्चीत बसून होतो. गुणाजी दारात येऊन म्हणाला, मोतीक नेतंय. मी मान वर न करता सही केली. पाच वर्षं मी त्या सहीच्या वाटेला गेलो नाही. चूक झाली असेल असं मनात येत होतं, पण बघायची हिंमत झाली नाही. अडतीस गाई धोक्यात आल्या आणि ती पाडी आंधळी जन्मली, यात त्या सहीचा वाटा आहे.

"डाक्टरानू," गुणाजी म्हणाला, "तुमी लिवा ना, ह्योच बहादूर म्हणान. नवो ठसो लावा. तुमचा लिवलेला कोण मोडतलो?"

खरं सांगतो, क्षणभर मला मोह झाला. एक पान फाडायचं, दुसरं चिकटवायचं. दाखला मिळाला असता, गाई वाचल्या असत्या, त्याचा मोती राहिला असता आणि माझी सहीही झाकली असती.

"आणि पुढची वासरं?" मी म्हटलं. "मुलाच्या नावानं तू या मुलांना आंधळं करतोयस, गुणाजी."

असं बोलायला नको होतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडला. त्या बिनकेसाच्या वासराला रात्रंदिवस पोत्यात गुंडाळून त्यानंच जगवलं होतं, हे मला नंतर मृणालिनीनं सांगितलं.

६

अधिकारी आले. वही त्यांच्यापुढे ठेवली आणि मी सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. चिंचेखालच्या वळूचा ठसा घेतला. भिंग लावायचीसुद्धा गरज पडली नाही, तो मोतीचाच होता. कल्याणपलीकडे माणूस पाठवून तिथल्या वळूचा ठसा मागवला, तो बहादूरचा निघाला. तिथे त्याची पंचवीस वासरं होती, एकालाही खोट नव्हती.

अधिकारी तरुण होते, पण समजुतीचे. त्यांनी दाखला दिला नाही. एक वर्षाची मुदत दिली. बहादूरला परत आणायचं, मोतीला इथून हलवायचं, त्याच्या मुलींना बहादूरच दाखवायचा, आणि वर्षानं पुन्हा बघायचं. तिथल्या गोशाळेत मोतीच्या रक्ताची एकही गाय नव्हती, तेव्हा तो तिकडे चालणार होता. तोवर एक गाय विकायची नाही, असं त्यांनी शेठकडून लिहून घेतलं. राणे हिरमुसला. मृणालिनीनं तिथल्या तिथे मोतीच्या पानावर दुरुस्ती केली. तिची ती पहिली खाडाखोड.

चोरीबद्दल शेठ गुणाजीला काही बोलले नाहीत. पण मोतीला न्यायचं कोणी?

दोन दिवसांनी सकाळी, परत आणलेला बहादूर गोठ्यात बांधला गेला आणि फाटकाशी सगळे जमले. राण्यानं मोतीच्या गळ्यात दोर घातला आणि ओढला. मोती खाली बसला. भय्यांनी मागून रेटला. तो ढिम्म. राण्यानं काठी उचलली, तसा गुणाजी पुढे झाला आणि काठी त्याच्या हातातून काढून घेतली.

"दोर सोड रे," तो म्हणाला. "मी तेका हाकलूचंय नाय. मी नुसतो पुढे जातंय. तेका येवचा आसात तर येतलो."

"आणि परत कधी येशील?" शेठनी विचारलं.

"मी थयच रवतलंय, शेठ."

त्यानं मृणालिनीला बोलावलं आणि अर्धा तास एकेक गाय सांगितली. कोण उजव्या बाजूनं धार देते, कोणाला आधी कपाळ खाजवून घ्यायचं असतं, आंधळ्या पाडीला कोणत्या हाकेनं बोलवायचं. ती लिहीत होती आणि मध्येच पदरानं डोळे पुसत होती. मग त्यानं ट्रंक डोक्यावर घेतली आणि मागे न बघता फाटकाबाहेर पडला. मोती जरा वेळ बसून राहिला. मग उठला आणि त्याच्या मागे चालायला लागला.

मी ठाण्यापर्यंत म्हणून त्यांच्याबरोबर निघालो. म्हटलं, रस्त्यावर लॉऱ्या असतात, कोणीतरी असलेलं बरं. कळव्याच्या पुलावर गुणाजी थांबला. खाली खाडीला ओहोटी होती. त्यानं ट्रंक कठड्यावर टेकवली.

"आता परत फिरा, डाक्टरानू. घराकडे वाट बघत आसतीत."

"माझी वाट बघायला कोणी नाही रे."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. पंधरा वर्षांची आमची ओळख, पण असं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"वहिनी?"

"तू मोतीला नेतो म्हणालास ना, त्याच्या आधी पंधरा दिवस गेली."

तो खाडीकडे बघत उभा राहिला. त्या दिवशी मी मान वर का केली नाही, हे त्याला बहुतेक तेव्हा कळलं. मोती आमच्या दोघांच्या मध्ये शेपटीनं माश्या वारत होता. मग गुणाजीनं ट्रंक पुन्हा डोक्यावर घेतली.

"मगे चला तर," तो म्हणाला.

मी छत्री बगलेत मारली आणि चालू लागलो. कल्याण यायला संध्याकाळ झाली.